धरणवाला जावई

माझ्या साडूच्या जीपमधली पुढची डावी सीट खचलेली आहे. एका कोपऱ्यातून स्पंज बाहेर आलाय, तो आत कोंबून वर खताच्या गोणीचा तुकडा अंथरलेला असतो. दार आतून उघडत नाही. साडू उतरतो, वळसा घालून येतो आणि बाहेरून उघडून देतो. या सीटचा मला गेली अकरा वर्षं हेवा वाटत आला आहे, कारण तिच्यावर माझे सासरे बसतात.

हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. पुढे मी जो शहाणपणा केला तो कशापोटी केला, हे मग निराळं सांगत बसायला नको.

सासरे धुळ्याला राहतात. घरात, गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणतात आणि सासूबाईंना अक्का. आबांची सगळी नोकरी गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून गेली, तीही बहुतेक साक्री तालुक्यात. सायकलच्या हँडलला औषधांची पेटी अडकवायची आणि निघायचं. कुणाची गाय अडली, कुणाच्या बैलाचा खूर सडला, आबा हजर. त्यांना माणसांची नावं आठवत नाहीत. ‘तो रे, ज्याच्या म्हशीला विंचू चावला होता’ एवढ्यावर त्यांचं भागतं. त्यांना दोन मुली. थोरली माझ्या पदरात पडली, धाकटी साडूच्या. म्हणजे मी थोरला जावई. पंगतीत पहिलं ताट माझ्यापुढे येतं, टॉवेल-टोपी आधी मला मिळते. हे सगळं यथासांग पार पडलं, की आबा हात धुतात आणि साडूजवळ जाऊन बसतात.

साडूचं धुळ्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. शिकलाय माझ्यापेक्षा कमी, पोटही माझ्यापेक्षा कमी. पण सासरच्या कुणालाही कुठे जायचं असलं की फोन त्याला जातो. शिरपूरहून चोपड्याला कसं जायचं, पारोळ्याचा कुठला फाटा चुकवायचा, सगळं त्यालाच विचारायचं. तो म्हणतो, “पाच मिनिटं थांबा, सांगतो,” आणि पाच मिनिटांनी खडान्‌खडा सांगतो. एकदा तर माझ्या सख्ख्या बायकोने आमच्या पिंप्राळ्याच्या घरात, मी समोर पेपर वाचत बसलेला असताना, पहूरला जायचा रस्ता त्याला धुळ्याला फोन करून विचारला. पहूर आमच्यापासून तासाभरावर.

“मी सांगितला असता की,” मी म्हणालो.

“सांगितला असता,” ती म्हणाली. “पण मला पोचायचं होतं.”

मग मी नवी गाडी घेतली. पांढरी. आत हातभर पडदा, पडद्यावर नकाशा, नकाशात एक बाई. ती न चुकता, न चिडता रस्ता सांगते. मला वाटलं, झालं. साडूच्या डोक्यात जे आहे ते आता माझ्या गाडीत आहे, वर एसी आहे. दिवाळीला धुळ्याला गेलो तेव्हा आबांना शेजारी बसवून उगाच गावाला एक फेरी मारली. आबा पडद्याकडे पाहत होते.

“ही निळी रेघ काय शे?”

“आपला रस्ता, आबा.”

“आनि हाऊ ठिपका?”

“तो म्हणजे आपण.”

आबांनी ठिपका बराच वेळ न्याहाळला. “आपन भलताच ल्हाना शेतस,” म्हणाले आणि बाहेर पाहू लागले.

साक्रीच्या पुढे डोंगराच्या कुशीत सासरच्यांची कुलदेवी आहे. दरवर्षी चैत्रात एका मंगळवारी सगळे भाऊबंद तिथे जमतात. चाळीस-पन्नास माणसं. देवळाच्या आवारात चुली पेटतात, वरण-बट्टीचा स्वयंपाक होतो. पण देवीला नैवेद्य लागतो तो थोरल्या घरचा, म्हणजे आबांच्या घरचा. अक्का पहाटे उठून खापरावर पुरणाचे मांडे भाजतात आणि स्वच्छ धुतलेल्या धोतराच्या पानात गुंडाळून टोपलीत भरतात. सूर्य माथ्यावर यायच्या आत तो नैवेद्य दाखवायचा. तोवर पोरंसोरंसुद्धा अन्नाला शिवत नाहीत. नैवेद्य झाला की पंगत. आणि या भाऊबंदांत पंगतीची रीत अशी, की थोरल्या घरच्या थोरल्या जावयाने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. एवढा माझा मान.

आणि अकरा वर्षं या मानाच्या जावयाने जीपच्या मागून धूळ खाल्ली. आबा, अक्का आणि मांड्यांची टोपली जीपमध्ये, आम्ही नवराबायको मागून आमच्या जुन्या गाडीत. जीप मध्येमध्ये थांबायची. कुणीतरी जवळ यायचं, आबा खिडकीतून बोलायचे, हशा उठायचा, जीप निघायची. मी मागे काचा बंद करून बसलेला. मला वाटायचं, काय या साडूच्या ओळखी, फाट्याफाट्यावर माणसं उभी असतात याला भेटायला. मला अहिराणी कळते, पण बोलता येत नाही. बोललो की मेहुणी तोंडाला पदर लावते.

या वर्षी मी होळीपासूनच तयारीला लागलो. अक्कांना आठवड्यातून दोनदा फोन करून कंबर कशी आहे ते विचारलं. जीपचे धक्के म्हाताऱ्या कंबरेला किती वाईट, हे डॉक्टरने सांगितल्यासारखं सांगितलं. बायको म्हणाली, “माझ्या आईची एवढी काळजी तुम्हाला अकरा वर्षांत वाटली नाही.” मी लक्ष दिलं नाही. माझा डाव सरळ होता. अक्का ज्या गाडीत, मांडे त्या गाडीत. आणि मांडे ज्या गाडीत, आबा त्या गाडीत, कारण टोपली आबांच्या मांडीवर असते, दुसऱ्या कुणाच्या हातात ते देत नाहीत.

तसंच झालं. पहाटे पिंप्राळ्याहून निघून आम्ही आठाला धुळ्यात पोचलो, आणि आबा टोपली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. मी साडूकडे पाहिलं. कुठे काही जळाल्याचा वास येतो का ते बघत होतो.

“बरं झालं दादा,” तो म्हणाला. “एसीत बसतील बिचारे. आमच्या गाडीत नुसता घाम.”

आपण शर्यतीत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला हरवण्यात काय राम असतो? तरी मी तो आनंद घेतला.

“नेरला चहाला थांबू,” साडू म्हणाला. “तिथून सोबत जाऊ.”

“थांबायचं कशाला? नकाशा आहे. आम्ही पोचतो, तुम्ही या सावकाश.”

कुसुंब्यापर्यंत मी गाडी अशी चालवली, जशी लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन चालवली होती. आबांकडे एसीचं भोक वळवलं. आबांनी ते परत माझ्याकडे वळवलं. नेर मागे पडलं. आरशात जीप चहाच्या टपरीशी वळताना दिसली आणि मला फार बरं वाटलं. मग थोड्या अंतरावर नकाशातली बाई बोलली, की पुढे डावीकडे वळा, या मार्गाने चौदा मिनिटं वाचतील.

चौदा मिनिटं. मला ती डोळ्यांपुढे दिसली. मी देवळाच्या पायरीवर उभा आहे, हात पुसतोय, साडू घामाघूम उतरतोय आणि मी म्हणतोय, ‘आलात का?’ त्या दोन शब्दांसाठी मी डावीकडे वळलो.

डांबर संपलं, खडी सुरू झाली. खडी संपली, बैलगाडीची चाकोरी सुरू झाली.

“हाच रस्ता ना?” मागून बायको.

“नकाशा सांगतोय.”

“कुणाला तरी विचारा.”

“विचारायला माणूस तर दिसू दे.”

माणूस दिसला. बाभळीच्या सावलीत एक बाई बकऱ्या वळत उभी होती. तिने आम्हाला पाहून काठी उंच केली आणि जोरजोरात हलवली. मीही काच न उघडता हात उंच केला.

“बघितलंत,” मी म्हणालो, “इकडची माणसं किती प्रेमळ.”

तेवढ्यात आबा सरळ होऊन बसले. एका चिंचेकडे पाहत होते. “हाऊ रस्ता मन्हा वळखीना शे,” म्हणाले. “आठून मी सायकलवर जाऊ. फुडे गाव शे, गावना भाईर पूल शे.” मग पडद्याकडे वळून मान हलवली. “बराबर सांगी राहिनी ही बाई.”

अकरा वर्षांत आबांनी माझ्या मालकीच्या कुठल्याही गोष्टीला बरोबर म्हटलं नव्हतं. पोरांच्या शाळेलाही नाही. माझी छाती स्टिअरिंगला टेकली. साडूला लगेच फोन लावून ऐकवावं असं वाटलं.

मागून अक्का हळूच म्हणाल्या, “ते गाव धरणमा गयं ना हो?”

“गाव गयं,” आबा म्हणाले. “रस्ता थोडाच जास?”

आता मी चार बुकं शिकलेला माणूस आहे. गाव धरणात गेलं तर गावाचा रस्ता कुठे जातो, हे मला कळायला हवं होतं. पण एकीकडे आकाशातून पाहणारं यंत्र, दुसरीकडे जमिनीवरून सायकल हाकलेले आबा, आणि दोघेही माझ्या बाजूने. असं पुन्हा कधी होणार होतं? दोघांनाही जुनाच रस्ता पाठ आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. येऊ दिलं नाही म्हणा.

चढ संपला आणि समोर धरणाचं पोट दिसलं. चैत्रात पाणी मागे सरतं. आठ महिने बुडालेली जमीन उघडी पडलेली, राखाडी, भाजलेल्या पापडासारखी तडकलेली. तिच्या मधून जुन्या रस्त्याची कड स्पष्ट दिसत होती. बरंच पुढे पाणी चकाकत होतं. पडद्यावर पाणी नव्हतंच. पडद्यावर निळी रेघ सरळ पलीकडे गेली होती.

“सरळ जा,” बाई म्हणाली.

“जरा थांबा,” बायको म्हणाली.

मी बाईचं ऐकलं. शंभरेक पावलं पापडाने तोलून धरलं. मग पुढचं डावं चाक खाली गेलं, सावकाश, वरणात बट्टी बुडते तसं. मी जोर दिला तसं उजवंही गेलं. अजून जोर दिला तर काळा चिखल उडून समोरची काच झाकली गेली. गाडी पोटावर बसली.

“एक किलोमीटर सरळ जा,” बाई म्हणाली.

मी तिला बंद केलं. सव्वादहा वाजले होते.

उतरलो तर पाय पोटरीपर्यंत आत. एक चप्पल तिथेच राहिली, ती आजही तिथेच आहे. पुढे कडक जमीन आहे का पाहावं म्हणून रस्त्याच्या दगडी कडेने चालत गेलो. पन्नास-साठ पावलांवर पूल होता, आबा म्हणाले तसा. दोन्ही बाजूंना कठडे. मधला गाळा वाहून गेलेला. कठड्याला धरून खाली वाकलो, तर हिरवं पाणी, किती खोल ते कळेना. दोन्ही टोकांच्या कठड्यांवर चिखलाचा थर असा बसला होता, की गाडीतून बघणाऱ्याला मधलं भगदाड दिसलं नसतं, पूल अखंड वाटला असता.

मी तिथे उभा राहिलो. मागे वळून गाडीकडे पाहिलं. तिच्यात तीन माणसं होती. त्यातले दोघे मी नाकदुऱ्या काढून, कंबरेची खोटी काळजी करून बसवलेले. पापड अजून साठ पावलं टिकला असता तर. तेवढा वेळ मला साडूची आठवण झाली नाही. त्या दिवशी तेवढाच वेळ.

परत येऊन म्हणालो, “पुढे जरा खराब आहे.”

“फोन करा त्याला,” बायको म्हणाली.

“कुणाला?”

“कुणाला म्हणजे?”

मी फोन उंच धरून रेंज शोधत टेकाडावर गेलो. पहिला फोन गाडीच्या मदतकेंद्राला लावला. जवळची खूण विचारली. म्हटलं, धरण. धरणाच्या जवळची खूण? म्हटलं, मी. पलीकडची मुलगी सभ्य होती. माणूस संध्याकाळपर्यंत पोचेल म्हणाली. पायात एक चप्पल, चाळीस-पन्नास माणसं उपाशी, देवीचा नैवेद्य अडकलेला, आणि तरी साडूचा नंबर दाबायला माझं बोट तयार होईना. नंबर काढायचा, बघायचा, पुन्हा खिशात. असं तीनदा. शेवटी खाली आलो तर अक्का आपला बटणांचा फोन पिशवीत ठेवत होत्या.

“त्याले सांगी दिधं,” म्हणाल्या. “ई राहिना.”

आबांना राग आला असेल म्हणून मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. ते दार उघडून, टोपली मांडीवर घेऊन, तडकलेल्या जमिनीकडे बोट करून बायकोला दाखवत होते. तठे पिंपळ होता. त्याच्याखाली आबा बैल आडवे पाडायचे, खूर बघायला. इथे एकाचं घर, त्याच्याकडे मारकी गाय होती, तिने आबांची सायकल शिंगावर घेतली होती. बायको ऐकत होती. मी बाजूला उभा राहून एका बुडालेल्या गाईचाही हेवा केला.

पाऊण तासाने टेकाडावरून ट्रॅक्टर उतरला. चालवणारा अनोळखी शेतकरी, मडगार्डवर साडू. हातात साखळी. जीप त्याने वर कडक जमिनीवर उभी केली होती. तो उतरला, चिखलात आला, गाडीखाली डोकावला. मी टोमण्याची वाट पाहत होतो. मला तो हवा होता. एक टोमणा मिळाला असता तर निदान हिशेब बरोबरीत आला असता.

“बरेच पुढे आलात दादा,” एवढंच म्हणाला आणि साखळी बांधायला वाकला.

टोमणा शेतकऱ्याने दिला. “भाऊ, आठे आम्ही बैल बी उतारतस नही.” मग पुलाकडे हनुवटी केली. “मांगला साल बी एक गाडी उनी व्हती. तिना फोनमा बी हाऊच रस्ता व्हता. ती आठेच फसनी म्हनून वाचनी.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ‘जरा खराब’ म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं.

“आम्ही सापडलो कसे?” मी साडूला विचारलं.

“विचारत आलो. नेरला चहावाल्याला विचारलं, फाट्यावर पंक्चरवाल्याला विचारलं. मग एक बकऱ्यावाली मावशी भेटली. ती म्हणे, पांढऱ्या गाडीवाल्याला मी काठी हलवून हलवून नको सांगितलं, तर त्याने मला रामराम केला.”

“पण तुम्हाला हे रस्ते तोंडपाठ आहेत ना?”

“मला?” साडू खरंच गोंधळला. “मी दुकानातून हलतो कधी दादा? साक्रीच्या पुढचा एक फाटा लक्षात राहत नाही माझ्या. दरवर्षी विचारतच जातो.”

“आणि ते फोनवर सांगता ते?”

“दुकानात गिऱ्हाईक बसलेलंच असतं चार गावचं. त्यांना विचारतो आणि तुम्हाला सांगतो.”

“पहूरचा?”

“पहूरचा जावई आहे आमच्या गल्लीत.”

अकरा वर्षं मी ज्याच्या स्मरणशक्तीवर जळत होतो, त्याला स्मरणशक्तीच नव्हती. हे कळल्यावर खरं तर माझा हेवा विझायला हवा होता. तो भडकला. डोक्यातल्या रस्त्यांवर मी पडदा विकत आणून मात केली असती. पण काच खाली करून, अनोळखी माणसाला ‘भाऊ, मी चुकनू, रस्ता सांग’ म्हणायचं आणि त्यात आपलं काही गेलं असं वाटू द्यायचं नाही, हे कुठल्या मॉडेलमध्ये मिळतं?

साडेअकराला आबा, अक्का आणि टोपली वर जीपकडे निघाली. साडूने वळसा घालून बाहेरून दार उघडलं. आबा खचलेल्या सीटवर असे बसले, जसा माणूस आपल्या घरच्या ओट्यावर बसतो. जीप गेली. मी, बायको, ट्रॅक्टरवाला आणि साखळी मागे उरलो.

गाडी बाहेर निघेपर्यंत बायको कडेच्या दगडावर बसून होती. मग म्हणाली, “तुम्ही त्या बाईला रामराम केला?”

देवळात पोचायला आम्हाला सव्वा वाजला. नैवेद्य वेळेत दाखवला गेला होता, अगदी काठावर. मला वाटलं, आता सगळे जेवत असतील, गुपचूप एका कोपऱ्यात बसू. आवारात शिरलो तर सगळी पंगत बसलेली, पत्रावळी वाढलेल्या, वरणावर साय धरलेली आणि कुणी हात लावलेला नाही. पहिली पत्रावळ रिकाम्या पाटापुढे. थोरल्या जावयाची. पन्नास भुकेली माणसं आणि मी, गुडघ्यापर्यंत काळा, एका पायात चप्पल.

एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरून मला वरून खाली पाहिलं.

“हाऊच का तो धरणवाला जवाई?”

साडूने येता-जाता मिळून सात ठिकाणी विचारलं होतं. सात ठिकाणची बातमी माझ्या आधी पोचली होती.

“बसा पाहुना,” दुसरं कुणी म्हणालं. “घास ल्या. पोरं उपाशी शेतस.”

मी बसलो, बट्टी मोडली, घास घेतला. पन्नास माणसांनी एकदम जेवायला सुरुवात केली, तो आवाज मी विसरणार नाही. इतका मोठा मान माझा कधी झाला नव्हता, आणि देव करो पुन्हा न होवो. पलीकडच्या रांगेत आबा कुणाला तरी सांगत होते, “मन्हा मोठा जवाईनी मले आज बुडेल गाव दखाडं.” ऐकणारा हसला, आबाही हसले. ती माया होती की थट्टा, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. विचारायला हवं होतं. विचारायचं मला जमत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच आहे.

जेवणानंतर मी देवळाच्या नळावर बादली भरून गाडी धुतली. आबांची सीट दोनदा पुसली. निघायची वेळ झाली तसे आबा माझ्या गाडीकडे आले. पुढचं दार उघडलं. मी लगबगीने आत वाकून एसी लावला. आबांनी हात घालून दारातल्या खाचेत सकाळी राहिलेली तंबाखूची डबी घेतली, दार हलकेच लावलं आणि जीपकडे गेले.

अक्का मात्र कंबरेमुळे माझ्या गाडीत आल्या. मी पडदा बंदच ठेवला आणि जीपच्या मागून निघालो.

जीप एका फाट्यावर थांबली. साडूने विचारलं, निघाली. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. साक्री ओलांडली, हमरस्ता आला, डोक्यावर घराएवढी पाटी, बाण, धुळे. तिथेही जीप थांबली. रसाच्या गुऱ्हाळावरचा एक म्हातारा उठून आला, आबांचा हात हातात धरून बोलू लागला. दोघे काहीतरी शिंगांची खूण करत होते.

“आता हे कशाला?” मी म्हणालो. “पाटी तर समोर आहे.”

“त्याले माहीत शे,” अक्का मागून म्हणाल्या. “आबाले बोलाले लागस. म्हनीसन थांबस तो.”

जीप निघाली, मीही निघालो. जरा वेळाने विचारलं, “अक्का, तुम्हाला कुणाशी बोलायचंय का? थांबवू कुठे?”

“मले घर जाऊ द्या,” अक्का म्हणाल्या. “कंबर मोडी राहिनी.”

जीप चाळीसच्या वर जात नव्हती. मी तिला ओलांडलं नाही. धुळे आलं. घराकडे डावीकडे वळायचं होतं, तेव्हा जीपच्या डाव्या खिडकीतून आबांचा हात बाहेर आला, पंजा उघडा, ताठ. जीपचा इंडिकेटर बंद पडलाय आणि साडूने तो नीट करून घेतलेला नाही. मोटारी दुरुस्त करणारा माणूस. वळण पूर्ण होईपर्यंत तो म्हातारा हात तसाच बाहेर होता. मागच्या रिक्षा, मोटरसायकली, मी, सगळे त्या हाताकडे बघून थांबलो. मग आबांनी हात आत घेतला.

माझ्या गाडीत इंडिकेटर आपोआप लागतो, आपोआप बंद होतो. घर येईपर्यंत मी एकच विचार करत होतो, तो नासवायचा कसा.